कौशल्यटंचाई मोजायची कशी?

‘माणसेच मिळत नाहीत’ ही मालकांची तक्रार म्हणजे कौशल्यटंचाईचा पुरावा नव्हे. प्रचलित वेतन देऊनही आणि कामाच्या अटी रास्त असूनही आवश्यक कौशल्याची माणसे पुरेशा संख्येने मिळत नसतील, तरच तिला टंचाई म्हणावे, आणि ही व्याख्या मोजणीला हात घालण्यापूर्वीच लिहून ठेवावी.

मोजणी क्षेत्रानुसार न करता व्यवसायानुसार करावी, कारण एकाच रुग्णालयात लिपिकाच्या जागेसाठी अर्जांचा ढीग पडतो, तर अतिदक्षता विभागातील परिचारिकेची जागा महिनोन्‌महिने रिकामी राहते. व्यवसायांच्या ‘इस्को-०८’ या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात ४३६ सूक्ष्म गट आहेत. नमुना लहान असल्यास त्याच्या वरच्या पातळीवरील १३० गट वापरावेत.

सर्वेक्षणात खरी कसोटी लागते ती प्रश्नांच्या क्रमाची. जागा रिक्त आहे का, ती भरणे अवघड जाते आहे का आणि जात असल्यास का, असे तीन प्रश्न याच क्रमाने विचारावेत. तिसऱ्या प्रश्नाला कारणांची यादी वाचून दाखवू नये, कारण यादीत ‘कौशल्याचा अभाव’ दिसला की बहुतेक जण त्यावरच बोट ठेवतात. आपला पगार कमी आहे असे आपणहून कोण सांगेल? उमेदवारांकडे कौशल्य, पात्रता किंवा अनुभव नसल्यामुळे अडलेली जागाच टंचाईत धरावी. ब्रिटनमधील नियोक्ता कौशल्य सर्वेक्षणातही हाच निकष आहे. रात्रपाळी किंवा गैरसोयीचे ठिकाण यांमुळे रिकाम्या राहिलेल्या जागा वेगळ्या नोंदवाव्यात, आणि सध्याच्या कर्मचाऱ्यांच्या कौशल्यातील उणीव तर निराळ्या रकान्यातच जावी.

या उत्तरांची पडताळणी वेतनाच्या आकड्यांवरून करावी. टंचाई खरी असेल तर त्या व्यवसायातील वेतन तुल्य व्यवसायांपेक्षा वेगाने वाढायला हवे. ते जागच्या जागी असेल तर मालकांच्या तक्रारीकडे मी तरी साशंकतेनेच पाहीन. मात्र जेथे वेतनश्रेणी सरकार ठरवते, तेथे ही कसोटी लागू पडत नाही, म्हणून शिक्षक किंवा परिचारिकांच्या बाबतीत जादा कामाचे तास आणि जागा रिक्त राहण्याचा कालावधी पाहावा.

ऑनलाइन जाहिराती मोजणे स्वस्त पडते, पण एकच जागा अनेक संकेतस्थळांवर झळकते आणि अंगमेहनतीच्या कामांची भरती बरीचशी तोंडी ओळखीतूनच होते, त्यामुळे दुबार नोंदी गाळूनही हे चित्र एकांगीच राहते.

हे सर्व निर्देशांक घाईने एका आकड्यात कोंबू नयेत. ते शेजारी शेजारी मांडावेत आणि पुढच्या फेरीत प्रश्नांची शब्दरचना तीच ठेवावी, अन्यथा बदल बाजारात झाला की प्रश्नावलीत, हे कळणार नाही.