जुन्या डिझेल गाडीचा टर्बो आवाज करतोय म्हणे! गॅरेजला नव्यानं आलेल्या पोरांसाठी

आयटीआयला मेकॅनिक डिझेलचा एक वर्षाचा किंवा मोटर मेकॅनिकचा दोन वर्षांचा ट्रेड करून पोरं गॅरेजला येतात तेव्हा टर्बोची आकृती त्यांना बरोबर काढता येते, एकीकडं एक्झॉस्टवर फिरणारा फॅन, दुसरीकडं हवा दाबणारा फॅन, मधी शाफ्ट आणि ऑइल. पण दहा-बारा वर्षं पळालेली गाडी दारात उभी राहिली आणि गिऱ्हाईक म्हणालं "शिट्टी वाजतीय बघा" की सगळे एकमेकांच्या तोंडाकडं बघतात, आणि मग कुणीतरी बोलून जातं, "टर्बो गेला." हे वाक्य तोंडातून काढायच्या आधी काय काय बघायचं ते इथं लिहितोय. मी साताऱ्यात काम करतो, महाबळेश्वर, कास, ठोसेघर असा रोज चढ चढणाऱ्या गाड्या आमच्याकडं येतात, त्यामुळं टर्बोची कामं कायम असतात.

सगळ्यात आधी, आवाज कसा आहे यापेक्षा तो कधी येतो हे गिऱ्हाइकाकडून खोदून खोदून विचारा. सकाळी पहिल्या स्टार्टला येतो का? गरम झाल्यावर जातो का? उभ्या गाडीला रेस दिली की येतो का फक्त चढाला? ॲक्सिलेटर सोडला की काय होतं? पिकअप कमी झालाय का, धूर कुठल्या रंगाचा, ऑइल कमी होतंय का? ही उत्तरं जॉबकार्डावर गिऱ्हाइकाच्याच शब्दांत लिहा. आवाजाचं वर्णन प्रत्येकाचं वेगळं असतं, एकाची शिट्टी ती दुसऱ्याचं घुंईं, पण "तिसऱ्या गिअरला दोन हजारच्या पुढं चढाला येतो" हे कुणीही सांगितलं तरी अर्थ एकच.

दुसरं म्हणजे नुसती शिट्टी म्हणजे बिघाड नव्हे. टर्बोचा शाफ्ट मिनिटाला दीड-दोन लाख फेरे मारतो, त्याचा थोडा आवाज येणारच, आणि जुन्या १.३ लिटर मल्टिजेटसारख्या इंजिनला दीड-दोन हजार आरपीएमच्या पुढं बारीक शिट्टी ऐकू येतेच. गाडी पहिल्यापासून तशीच वाजत असेल, पिकअप चांगला, धूर नाही, ऑइल खात नाही, तर गिऱ्हाइकाला तसं सांगून मोकळं करा. आवाज हल्ली बदललाय का, हा खरा प्रश्न.

उभ्या गाडीला रेस देऊन टर्बोचा निकाल लावू नका. लोड नसला की डिझेलचा बूस्ट, म्हणजे टर्बोनं वाढवलेला हवेचा दाब, फारसा तयारच होत नाही. आम्ही गाडी यवतेश्वरच्या घाटाला काढतो, तिसऱ्या गिअरला १५०० वरून ३००० पर्यंत नेतो, काच खाली, एसी बंद, एक जण गाडी चालवणार आणि दुसरा फक्त ऐकणार. स्कॅनर लावलेला असेल तर मॅप सेन्सरचं (इंजिनात जाणाऱ्या हवेचा दाब मोजणारा) रीडिंग बघत जा. आधी इंजिन बंद ठेवून नुसती चावी ऑन करा, तेव्हा तो बाहेरच्या हवेचा दाब दाखवतो, समुद्रकाठी १०० किलोपास्कलच्या जवळ, साताऱ्यात ९३-९४, महाबळेश्वरला ८६ च्या आसपास. हे माहीत नसेल तर वर घाटात गेल्यावर सेन्सर खराब म्हणून बदलून बसाल. मग चढाला तो आकडा किती वर जातो ते बघायचं. आवाज येतोय आणि बूस्ट कमी, त्यात पी ०२९९ (बूस्ट कमी पडतोय असं सांगणारा) कोड, तर बहुतेक वेळा कुठंतरी हवा निसटतीय. आवाज येतोय पण बूस्ट एकदम बरोबर, तर भलतीकडं शोधायला लागा.

भलतीकडं म्हणजे बेल्टच्या बाजूला. अल्टरनेटरचं बेअरिंग, टेन्शनरची पुली, आयडलर, एसी कॉम्प्रेसर, पॉवर स्टिअरिंगचा पंप, ह्यांचा घुंई आवाजही रेसबरोबर चढतो आणि टर्बोच्या नावावर खपतो. बेल्ट काढून इंजिन अर्धा मिनिट चालवा, आवाज गेला तर टर्बो निर्दोष सुटला. अर्ध्या मिनिटापेक्षा जास्त नको, कारण बऱ्याच गाड्यांचा पाण्याचा पंप त्याच बेल्टवर असतो. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक एकेका बॉडीवर टेकवून दांडा कानामागच्या हाडाला लावायचा, ही जुन्या वस्तादांची पद्धत आजही चालते, स्टेथोस्कोप मिळाला तर उत्तमच, फक्त शर्टाची बाही आणि हात फॅन-बेल्टपासून लांब ठेवा.

आता हवा निसटण्याचं. हाच प्रकार सगळ्यात जास्त येतो आणि ह्याच्यातच सगळ्यात जास्त चांगले टर्बो फुकट बदलले जातात. चढाला फुस्स किंवा जोराची शिट्टी, पिकअप नाही, मागं काळा धूर. एक जुनी डिझेल हॅचबॅक आमच्याकडं आली होती, आधीच्या गॅरेजनं टर्बो बदलायला सांगितला होता, बिल गाडीच्या किमतीच्या मानानं एवढं की काका गाडीच विकायच्या विचारात होते. वरून बघितलं तर सगळे होज जागच्या जागी, क्लॅम्प घट्ट. गाडी रॅम्पवर घेतली, खालचं कव्हर काढलं, तर इंटरकूलरच्या (टर्बोनं दाबलेली हवा गार करणारी जाळी) खालच्या होजवर क्लॅम्पच्या कडेला धूळ खाल्लेला ऑइलचा ओला डाग, बाकी होज कोरडा ठाक. डाग पुसला तरी चीर दिसेना. होज अंगठ्यानं वाकवला तेव्हा क्लॅम्पच्या काठाला काडी जाईल एवढी फट उघडली आणि हात सोडला की परत मिटली. आत बूस्टचा दाब आला की ती उघडायची आणि गाडी उभी केली की बंद, म्हणून उभ्या गाडीला कुणालाच काही ऐकू येत नव्हतं. होज आणि क्लॅम्प बदलला, घाटाला नेली, बूस्ट पूर्ण, आवाज बंद. म्हणून होज डोळ्यांनी बघून सोडू नका, वाकवून बघा, खालच्या बाजूनं हात फिरवा. तरी सापडलं नाही तर इनटेक बंद करून हलक्या दाबानं हवा भरा आणि साबणाचं पाणी मारा, बुडबुडे जागा दाखवतात. होजच्या आत ऑइलचा पातळ थर दिसला म्हणून घाबरायचं कारण नाही, ब्रीदरमधून (इंजिनातली वाफ इनटेकला सोडणारी नळी) तेवढं येतंच. वाटीभर ओतलं जात असेल तर मात्र वेगळी गोष्ट.

थंड इंजिनला टक टक टक, लोड दिला की जास्त, गरम झाल्यावर कमी, असं असेल तर एक्झॉस्ट मॅनिफोल्डचं पॅकिंग किंवा स्टड बघा. लोखंड तापून फुगलं की फट मिटते. जिथनं गॅस निसटतो तिथं काजळी धरते, टॉर्च मारा आणि काळा पट्टा शोधा. आयडलला पत्र्यासारखी खडखड आली तर वेस्टगेटची (जादा एक्झॉस्ट टर्बोला वळसा घालून सोडणारी झडप) दांडी किंवा पिन झिजलेली असू शकते, ती हातानं धरून आवाज बदलतो का बघायचं, पण टर्बो गार असताना नाहीतर पक्कडीनं.

खुद्द टर्बो गेल्याचा आवाज वेगळाच असतो. सायरनसारखा चढत जाणारा आणि ॲक्सिलेटर सोडला की तसाच उतरत जाणारा, किंवा धातू घासल्याचा किर्र. हा ऐकू आला की घाट पूर्ण करायच्या फंदात पडू नका, गाडी बंद करा आणि टो करून आणा. इंजिन बंद आणि गार झाल्यावर एअर पाईप काढून फॅन बघा: पात्यांचे कोपरे मोडलेत का, हाउसिंगला आतून घासल्याचा चकचकीत पट्टा आहे का. मग शाफ्ट हातानं हलवा. आडवी थोडी ढिलाई असणारच, कारण बेअरिंग ऑइलवर तरंगणारं असतं आणि बंद इंजिनात ऑइलचा दाब नसतो. फॅन हाउसिंगला टेकता कामा नये, एवढं बघा. पुढं-मागं मात्र हाताला ढिलाई जाणवायलाच नको, डायल गेजनं बघितलं तर ०.१ मिमीच्या आतली गोष्ट आहे ती. चालू इंजिनाला पाईप काढून तिथं हात न्यायचा नाही, कुणी कितीही घाई करू दे.

निळा धूर आणि सायरन दोन्ही असतील तर एक धोका डोक्यात ठेवा. सील गेलेल्या टर्बोतून ऑइल इनटेकमध्ये गेलं की इंजिन त्याच ऑइलवर पळायला लागतं, चावी काढली तरी थांबत नाही आणि आरपीएम चढतच जातं. गाडी मॅन्युअल असेल तर ब्रेक आणि हँडब्रेक पूर्ण दाबून वरचा गिअर टाका आणि क्लच सोडा, इंजिन बंद पडेल. तेवढं जमलं नाही तर बाजूच्या सगळ्यांना लांब करा. गाडीपेक्षा माणसं महत्त्वाची.

टर्बो खरंच बदलायचा ठरला तर तो का गेला हे शोधल्याशिवाय नवा बसवू नका, नाहीतर तोही जाईल. ऑइल वेळेवर बदललेलं नाही, टर्बोला ऑइल आणणाऱ्या फीड पाईपात कार्बन साचलाय, ते परत नेणारा रिटर्न पाईप चोंदलाय, फिल्टरचा तुकडा आत गेलाय, किंवा घाट चढून आल्या आल्या रोज इंजिन बंद केल्यामुळं बेअरिंगपाशी ऑइल जळलंय, ह्यातलंच काहीतरी निघतं. फीड पाईप साफ करत बसण्यापेक्षा नवाच टाका. ऑइलच्या फ्लँजला सिलिकॉन लावू नका, त्याचा तुकडा सुटला की भोक बंद. रिपेअर केलेला टर्बो घेत असाल तर बॅलन्सिंगचा रिपोर्ट मागा, बॅलन्सिंग न केलेला कोअर (आतला शाफ्ट-फॅनचा भाग) बसवला की गिऱ्हाईक शिट्टी घेऊन परत येतं.

बसवताना फीडच्या भोकात स्वच्छ ऑइल ओता आणि फॅन हातानं फिरवा. मग इंजिन सुरू होऊ नये म्हणून इंजेक्टरच्या वायरचे प्लग काढून ऑइलचा दिवा विझेपर्यंत थोडं थोडं सेल्फ मारा. त्यानंतर स्टार्ट करून दोन-तीन मिनिटं नुसतं आयडलला ठेवायचं, रेस अजिबात नाही. घाटाची एक फेरी मारून आल्यावर रिटर्न पाईपची जोड कोरडी आहे का बघा आणि शक्य असेल तर गाडी रात्रभर ठेवून घ्या, सकाळी थंड स्टार्टला एकदा ऐका आणि मगच गिऱ्हाइकाला फोन करा.