बगी इलेक्ट्रिक करताना या चुका टाळा

बाहाची (इंजिनिअरिंगच्या मुलांनी स्वतः बनवलेल्या ऑफ-रोड गाड्यांची स्पर्धा) जुनी बगी कॉलेजच्या वर्कशॉपमागे ताडपत्रीखाली पडून असते. कधीतरी मध्य प्रदेशातल्या पिथमपूरच्या ट्रॅकवर धावून आलेली. इंजिन थकलंय, पण रोल केज आणि सस्पेन्शन अजून ठणठणीत. 2015मध्ये ईबाहा, म्हणजे याच स्पर्धेचा इलेक्ट्रिक गट, सुरू झाल्यापासून अशी बगी दिसली की मुलांच्या मनात एकच विचार येतो: इंजिन उतरवू, मोटर चढवू. विचार चांगलाच आहे. अशा टीमना हात देताना मला दिसलेली गोष्ट मात्र आधी सांगतो. महिनाभर चर्चा चालते ती मोटर कुठली घ्यायची याची, आणि बगी बंद पडते ती जोडांमुळे. लग (केबलच्या टोकाला दाबून बसवलेला, बोल्टसाठी भोक असलेला धातूचा तुकडा), बोल्ट, कंटॅक्टर (मोठा करंट जोडणारा-तोडणारा स्विच), दोन तारांची गाठ, बस्स.

लगकडे दुर्लक्ष

एका टीमची बगी वीस मिनिटं छान पळायची आणि मग दम सोडायची. थोडा वेळ उभी ठेवली की पुन्हा चालू. सगळ्यांनी दोष कंट्रोलरला, म्हणजे मोटरला किती करंट द्यायचा ते ठरवणाऱ्या पेटीला दिला, नवा मागवायचंही ठरलं. बॅटरीचं झाकण काढलं तर पॉझिटिव्ह टर्मिनलजवळची हीट-श्रिंक (जोडावर तापवून बसवलेली प्लास्टिकची नळी) तपकिरी होऊन आक्रसली होती. लग हातोडीने ठोकून चपटं केलेलं होतं. शिवाय लग आणि टर्मिनल यांच्या मधोमध स्टीलचा वॉशर! करंट त्या वॉशरमधूनच जात होता.

हिशोब सोपा आहे. 48 व्होल्टवर 6 किलोवॅट म्हणजे 125 अँपिअर, आणि चढावर हाच आकडा सहज 200ला जातो. जोडाचा रोध फक्त एक मिलिओम धरला तरी 200 अँपिअरला तिथे 40 वॅट उष्णता तयार होते. आपली साधी सोल्डरिंग आयर्न 25 वॅटची असते. म्हणजे टर्मिनलला आयर्नपेक्षा जास्त उष्णता सोडणारी वस्तू चिकटवून आपण रेस करतोय.

लग हायड्रॉलिक क्रिम्परने, केबलच्या मापाच्या डायमध्येच दाबा. मग केबल व्हाइसमध्ये धरून जीव खाऊन ओढा. सुटायची असेल तर ती वर्कशॉपमध्येच सुटू दे. लग थेट टर्मिनलच्या धातूवर टेकला पाहिजे, वॉशर त्याच्या वरच्या बाजूला. बोल्ट टॉर्क पान्याने आवळा आणि डोक्यावर रंगाची रेघ मारा. बोल्ट फिरला तर रेघ मोडते, लांबूनही कळतं. पहिल्या पाच फेऱ्यांनंतर प्रत्येक जोडावर तापमानाची गन धरा. बाकीच्यांपेक्षा एखादाच जोड जास्त गरम लागला, की तोच तुमचा चोर.

प्रीचार्ज न ठेवणं

कंट्रोलरच्या आत मोठे कपॅसिटर असतात. रिकाम्या कपॅसिटरवर बॅटरी थेट जोडली की ‘टक्’ असा आवाज येऊन ठिणगी उडते. मुलांना त्याची सवय होते, आणि मला भीती वाटते ती त्या सवयीचीच. दरवेळच्या ठिणगीने कंटॅक्टरचे पॉइंट थोडे थोडे वितळतात आणि एक दिवस चिकटून बसतात. मग ड्रायव्हरने लाल बटण दाबलं तरी बगीचा करंट तुटत नाही. उलटलेल्या बगीत माणूस अडकलाय आणि बटण नुसतं शोभेचं आहे, हे चित्र डोळ्यांसमोर आणा.

उपाय स्वस्त आहे: प्रीचार्ज, म्हणजे मुख्य जोडणीआधी कपॅसिटर हळूहळू भरून घेणं. कंटॅक्टरला समांतर एक वायर-वाउंड रेझिस्टर आणि छोटा रिले लावा. कपॅसिटर 10,000 मायक्रोफॅरड आणि रेझिस्टर 100 ओम असेल तर टाइम कॉन्स्टंट (भरण्याच्या वेगाचं माप) एक सेकंद येतो. पाच सेकंदांत कपॅसिटर 99 टक्क्यांच्या वर भरतात. त्यानंतरच मुख्य कंटॅक्टर ओढू द्या. पॉइंट चिकटलेत का हे तपासायला किल्ली बंद करून कंट्रोलरच्या टर्मिनलवर मल्टिमीटर लावा. व्होल्टेज हळूहळू उतरायला हवं. बॅटरीइतकंच टिकून राहिलं तर गाडी बाहेर काढू नका.

‘मोटरला गिअर कशाला?’

शून्य फेऱ्यांपासून टॉर्क (फिरवण्याचा जोर) मिळतो म्हणून कुठलंही रिडक्शन (चाकाच्या एका फेरीला मोटरच्या किती फेऱ्या) चालेल, हा गैरसमज फार पसरलाय. ड्रायव्हरसकट 280 किलोची बगी आणि 23 इंची टायर धरा. 30 अंशांचा चढ चढायला चाकांवर साधारण 400 न्यूटन-मीटर लागतात, तेही मातीचा विरोध सोडून. 10:1 रिडक्शन ठेवलं तर मधली गळती धरून मोटरने 45च्या आसपास टॉर्क दिला पाहिजे, पण 3000 फेऱ्यांवर वेग ताशी 33 किलोमीटरला अडकतो. 50चा वेग हवा म्हणून 6.6:1 केलं, तर त्याच चढाला मोटरकडून 67 लागतात. आता मोटरचा कागद उघडा. 3000 फेऱ्यांवर 6 किलोवॅट म्हणजे सततचा टॉर्क फक्त 19. बाकी सगळा ‘पीक’, आणि पीक म्हणजे थोडा वेळ घेतलेली उधारी. चढावर बगी अडकली आणि ड्रायव्हर पॅडल दाबून बसला, की मोटर मिनिटाभरात तापते आणि कंट्रोलर पॉवर कापतो. म्हणून आधी ट्रॅकवरचा सगळ्यात वाईट चढ मोजा, मग स्प्रॉकेट ठरवा.

बीएमएसलाच लगाम समजणं

13 सेल सीरिजमध्ये असलेला पॅक पूर्ण भरला की 54.6 व्होल्टला पोचतो. अशा भरलेल्या पॅकवर उतारावरून सुरुवात केली आणि रिजन (वेग कमी करताना मोटरनेच बॅटरी भरणं) चालू असलं, तर येणारी ऊर्जा जायला जागा नसते. बीएमएस, म्हणजे बॅटरीची राखण करणारा बोर्ड, सर्किट तोडतो आणि मोटरचं ब्रेकिंग एका क्षणात नाहीसं होतं. बीएमएस हा शेवटचा पहारेकरी आहे. रोजची मर्यादा कंट्रोलरमध्ये बसवा. बीएमएस 39 व्होल्टला तोडत असेल, तर कंट्रोलरने 42पासूनच करंट कमी करायला लागावं. चार्जिंग प्रति सेल 4.1 व्होल्टवर थांबवलं की रिजनला थोडी जागा उरते. आणि हायड्रॉलिक ब्रेक एकट्याने चारही चाकं लॉक करतील असेच हवेत.

निगेटिव्ह चेसिसला जोडण्याची मोटारगाड्यांची सवय इथे आणू नका. ट्रॅक्शन बॅटरीची दोन्ही टोकं चेसिसपासून अलगच राहिली पाहिजेत. सुरुवातीला बगी हिसके देत असेल, तर हॉल सेन्सरची (मोटर कुठे फिरलीय हे कंट्रोलरला सांगणारा) वायर फेज केबलला (मोटरला करंट नेणारी जाड केबल) टाय करून बांधलीय का ते बघा. दोन्ही वेगळ्या वाटेने न्या. चिखल धुताना प्रेशर वॉशरची धार कनेक्टरवर कधीच मारू नका.

अंतराबद्दलही मनाची तयारी ठेवा. फक्त बॅटरीवर लांब पल्ला मिळत नाही. 2024 साली डकार ही वाळवंटातली लांब पल्ल्याची रॅली जिंकणाऱ्या ऑडीची चाकं इलेक्ट्रिक मोटरवर फिरत होती, पण बॅटरी भरायला गाडीत पेट्रोल इंजिन होतंच.

बगी ट्रॅकवर मध्येच मेली तर आधी लाल बटण दाबा आणि सर्व्हिस प्लग (बॅटरीचं सर्किट हाताने तोडणारा प्लग) काढा. हातातली अंगठी, कडं उतरवून ठेवा. कपॅसिटर उतरायला पाच मिनिटं द्या आणि मल्टिमीटरवर शून्य दिसल्यावरच झाकण उघडा. पहिली नजर टाका ती लगच्या हीट-श्रिंकवर.