मोठं होल मारायच्या आधी (बेल्ट, बेल्ट आणि बेल्ट)

मागच्या खेपेला २२ मिमीचं नवंकोरं ड्रिल अर्ध्या होलातच जाळून निळं करून टाकलं, म्हणून हे एकदाचं लिहून ठेवतोय, कोणाला लागलं तर घ्या. विषय रिड्यूस्ड शँकच्या ड्रिलचा, म्हणजे अंग जाड आणि मागचा दांडा बारीक, बहुतेक वेळा अर्धा इंच. टेपर म्हणजे निमुळत्या शँकचं ड्रिल घेणारं मोठं मशीन घरी कोणाकडे असतं, आपलं १३ मिमीच्या चकचं (चक म्हणजे ड्रिल पकडणारं तोंड) बेंच ड्रिल, त्यावर पाऊण-एक इंची होल मारायचं तर परवडणारा रस्ता हाच. अमेरिकेत याला सिल्व्हर अँड डेमिंग म्हणतात, ओहायोतल्या सेलम गावच्या एका जुन्या कंपनीवरून पडलेलं नाव. ऑनलाइन शोधताना तेही टाकून बघा.

घेताना आधी दांडा. अर्धा इंच म्हणजे १२.७, तो १३ च्या चकात जातो, १० च्या चकात जात नाही, एवढं तरी घरून बघून निघा. दांड्यावर तीन सपाट बाजू घासलेल्या असतील तर तेच घ्या, चकचे तीन जॉ, म्हणजे पकडणारे जबडे, त्यांवर बसतात. नुसता गोल दांडा जोर आला की चकात फिरतो, दांड्यालाही ओरखडे आणि चकचीही वाट. माप विचारपूर्वक घ्या. ९/१६ ते १ इंच असा आठ नगांचा सेट मिळतो, स्वस्तही वाटतो, पण बेसप्लेटच्या कामात त्यातली दोनच खरी चालतात: ११/१६ म्हणजे साधारण १७.५, एम १६ च्या बोल्टला, आणि ७/८ म्हणजे २२.२, एम २० ला. बाकीची डबीत पडून राहतात. मग दोनच चांगली एचएसएसची (हाय स्पीड स्टीलची) घ्या ना. आणि बेअरिंग बसवायचं माप ड्रिलने काढायला जाऊ नका, ड्रिल थोडं मोठंच कापतं, ते काम रीमरचं (होल नेमक्या मापाला आणायचं हत्यार) किंवा लेथवाल्याचं.

पातळ पत्र्याला हे ड्रिल लावूच नका. होल तिकोनी येतं आणि पत्रा ड्रिलवर चढतो. तिथे स्टेप ड्रिल किंवा होल सॉ. हॅन्ड ड्रिलमध्ये २० च्या वरचं ड्रिल लावून प्लेटला भिडणाऱ्यांना काय सांगायचं, ड्रिल अडकलं की मशीन फिरतं आणि त्यासोबत मनगट.

आता बेल्ट, म्हणजे मशीनचा स्पीड; बेल्ट पुलीच्या कुठल्या जोडीवर आहे त्यावर तो ठरतो. साध्या लोखंडाला एचएसएसचा हिशोब सोपा आहे, ८००० भागिले ड्रिलचं मिमी, आलेला आकडा म्हणजे आरपीएम. ६ च्या पायलटला (मोठ्या होलाआधी मारायचं बारीक होल, आणि त्याचं ड्रिलही) १३०० च्या आसपास, २२ ला ३६० च्या आसपास, २५ ला ३२०. म्हणजे पायलट मारून झाल्यावर त्याच स्पीडला २२ चं ड्रिल लावलं तर त्याची बाहेरची कड साडेतीन पटीहून जास्त वेगाने घासते, आणि जळते ती कडच, मधलं टोक शाबूत दिसतं म्हणून कळतही नाही. मी नेमकं हेच केलं, पायलट झाला, चकची चावी फिरवून ड्रिल बदललं, बेल्टकडे बघितलंच नाही. तेव्हा ड्रिल बदलायचं म्हटलं की पुलीवरचं झाकण उघडायचं, उघडायचंच, पुलीवर बेल्ट सगळ्यात हळू जोडीवर आणायचा, मगच चकला चावी लावायची. प्लग काढून, अर्थात. बऱ्याच बेंच मशीनचा सगळ्यात हळू स्पीडही पाचशेच्या घरात असतो, तुमचंही तसं असेल तर २५ च्या ड्रिलचा हट्ट सोडा, १६ पर्यंत थांबा किंवा काम बाहेर द्या. स्टेनलेसला वरच्या आकड्याच्या निम्म्याने. ॲल्युमिनियम जास्त स्पीड सोसतं, तिथे एवढी घाई नाही.

टेबलाची उंची मोठं ड्रिल लावून ठरवा, पायलट लावून नाही. मोठं ड्रिल साधारण सहा इंच लांब, पायलट त्याहून बरंच आखूड, पायलटच्या उंचीवर सगळं आवळून बसलात तर मोठं ड्रिल चक आणि जॉबच्या (ज्यात होल मारायचं त्या तुकड्याच्या) मध्ये मावतच नाही, टेबल खाली घ्यावं लागतं आणि गोल खांबावर टेबल हललं की सेंटर गेलं. तरी झालंच तर जॉब सैल ठेवून ड्रिल पायलटच्या तोंडात टेकवा, हाताने उलटं फिरवून बसू द्या, मग आवळा.

पायलट एकच. ड्रिलच्या टोकाला मधे जी आडवी बोथट कड असते तिच्याहून जरासा मोठा, २२ ला ५-६ मिमी पुरे. ६, मग १०, मग १४, मग १८ अशा पायऱ्या चढणारे लोक असतात, त्यांचं ड्रिल फक्त कोपऱ्यांवर चालतं, थडथडतं आणि कोपरे उडतात. पंच मारा, हे सांगायला नको.

क्लॅम्प. दोन बोल्टने टेबलाला, शिवाय जॉबचं लांब डावं टोक मागच्या खांबाच्या डाव्या बाजूला टेकलेलं, म्हणजे अडकलं तरी जॉब खांबावर अडतो, तुमच्या बरगड्यांवर येत नाही. हातमोजे नकोत, ओढणी-मफलर नको, चष्मा हवा. खाली लाकडाचा तुकडा. चकची चावी तिन्ही भोकांत फिरवून आवळा, एकाच भोकात नाही.

बेल्ट बदलला? झाकण उघडून बघितलं? नुसतं आठवून नाही.

मग कटिंग ऑईल (बिडाला नको, बीड कोरडंच), दाब भरपूर, नुसतं घासत बसायचं नाही. दोन्ही बाजूंनी सारख्या चिप्स यायला हव्यात, एकाच बाजूने येत असतील तर धार वाकडी लागलीय आणि होल मोठं होणार. चिप्स निळ्या पडल्या की थांबा, बेल्ट बघा. लांब चिप गुंडाळली तर मशीन बंद करून पक्कडने काढा. शेवटचे दोन मिमी हात हलका, ड्रिल तिथेच ओढतं.

बाहेर आल्यावर बर (होलाच्या कडेला उठलेली धारदार किनार) काढा, माप घ्या, ड्रिल पुसून तेलाचा हात फिरवा. दांड्यावर ओरखडे उठले असतील तर कानस मारून ठेवा, नाहीतर पुढच्या वेळी चकात सरळ बसत नाही.