दुसरं बाळंतपण घाईचं : गाडी यायच्या आधीच बाळ येऊ लागलं तर

पहिल्या खेपेला दिवसभर कळा काढलेली बाई दुसऱ्या खेपेला दोन-तीन तासांत मोकळी होऊ शकते. पहिल्या वेळी गर्भपिशवीचं तोंड आधी पातळ होतं आणि मग उघडतं. दुसऱ्या वेळी ही दोन्ही कामं बरोबरच होतात. खालचे स्नायूही एकदा ताणले गेलेले असतात, त्यामुळे डोकं खाली आल्यावर शेवटचा टप्पा काही मिनिटांत संपतो. म्हणून पहिल्या वेळचा हिशेब दुसऱ्या वेळी धरू नका. दहा-दहा मिनिटांनी नियमित कळा सुरू झाल्या किंवा पाणी गेलं की निघायचं. 'अजून वेळ आहे, जेवून निघू' म्हणणाऱ्यांचंच बाळंतपण बऱ्याचदा वाटेत होतं.

बाळंतपण दवाखान्यातच व्हावं, हे आमचं स्पष्ट मत आहे. इथे लिहिलंय ते गाडी पोहोचेपर्यंतच्या वेळेसाठी. ज्यांचं पहिलं सिझेरियन झालंय, पहिल्या वेळी अंगावरून फार रक्त गेलं होतं, हिमोग्लोबिन सातच्या खाली आहे, बीपी वाढलेलं आहे, बाळ आडवं किंवा पायाळू आहे, जुळं आहे किंवा ज्यांना ३७ आठवडे पुरे व्हायच्या आत कळा लागल्यात, त्यांनी पहिल्या कळेलाच निघावं.

कोल्हापूर जिल्ह्यात वाट हा वेगळा विचार आहे. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट. पाणी तिथवर जायच्या आधीच आडवाटेचे बंधारे बुडालेले असतात. चिखली, आंबेवाडीसारखी नदीकाठची गावं, गगनबावड्याकडच्या वाड्या, शाहूवाडी-राधानगरीतले धनगरवाडे इथल्या बाईची तारीख जुलै-ऑगस्टमधली असेल, तर ३७वा आठवडा लागताच तिला दवाखान्याजवळच्या नातेवाइकाकडे हलवा. कारखान्यांच्या हंगामात ऊसतोडीच्या कोपीवर (झोपडीवर) असलेल्या बाईचं नाव जवळच्या आशाताईकडे आधीच घालून ठेवा, बाईचं तपासणीचं कार्ड बाईजवळच असू द्या. १०८ आणि १०२ या दोन्ही गाड्या फुकट आहेत. कोल्हापूरच्या सीपीआरसारख्या (छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय) सरकारी दवाखान्यात बाळंतपणाचे पैसेही लागत नाहीत. आणि पहिलं मूल रात्री दोन वाजता कुणाकडे सोडायचं, हे आठव्या महिन्यातच ठरवा. निघायला उशीर होतो तो पुष्कळदा त्याच्यापायी.

आठव्या महिन्यात एक पिशवीही भरून ठेवा : धुऊन कडक उन्हात वाळवलेले सुती साडीचे किंवा धोतराचे पाच-सहा मोठे तुकडे, दोन टॉवेल, अंथरायला प्लास्टिक, बाळाची टोपी, साबणाची नवी वडी, सॅनिटरी पॅडचं मोठं पाकीट, बॅटरी, वार (बाळामागून पडते ती, नाळेचं दुसरं टोक जिला जोडलेलं असतं) ठेवायला जाड पिशवी. रबरी हातमोजे मिळाले तर उत्तम.

बाळ आता येणार, हे कसं ओळखायचं

बाई म्हणते, 'मला संडासला जायचंय.' कळेबरोबर आपोआप जोर लागतो, आवाज बदलतो, खालची जागा फुगते, कळ आली की केस दिसतात. यातलं काही दिसलं तर तिला संडासात पाठवू नका आणि मोटारसायकलवर तर मुळीच बसवू नका. १०८ लावा, फोन स्पीकरवर ठेवा, दार उघडं टाका, वाट दाखवायला एकजण रस्त्यावर उभा करा.

पंखा बंद करा, दिवे लावा. बांगड्या-अंगठ्या काढून कोपरापर्यंत साबणाने हात धुवा. प्लास्टिकवर स्वच्छ कापड अंथरून बाईला डाव्या कुशीवर किंवा गुडघे-हात टेकून ओणवं राहू द्या. उताणं झोपवलं तर मोठ्या शिरेवर वजन पडून बाळाचा रक्तपुरवठा कमी होतो.

पोट वरून रेटायचं नाही. आत बोटं घालून बघायचं नाही. कळा वाढवायचं इंजेक्शन घरी कुणाकडूनही घ्यायचं नाही. त्याने गर्भपिशवी फाटू शकते आणि बाळ गुदमरू शकतं. पाणी हिरवट किंवा काळपट असेल तर फोनवर लगेच सांगा.

डोकं दिसू लागलं की जोर थांबवून तोंडाने 'हा-हा-हा' असा श्वास घ्यायला सांगा. तळहात डोक्यावर हलका ठेवा, ते झटक्यात बाहेर येऊ नये एवढ्यापुरताच. झटका बसला की बाईला खाली चीर पडते. डोकं आलं की ते आपणहून मांडीकडे वळतं, कारण आत खांदे फिरत असतात. इथे हात शिवशिवतात, पण ओढू नका. मानेच्या नसा ताणल्या तर बाळाचा हात लुळा पडू शकतो. नाळ मानेभोवती असेल तर बोटाने सैल करून डोक्यावरून काढा. निघत नसेल तर राहू द्या, अंग बाहेर आल्यावर सोडवा. पुढच्या कळेला बाकीचं अंग येतं. ते फार निसरडं असतं, म्हणून टॉवेलनेच धरा. घड्याळ बघून वेळ लिहून ठेवा.

डोकं बाहेर आलं आणि पुढच्या कळेलाही खांदे सुटले नाहीत, तर बाईला उताणी करून दोन्ही गुडघे छातीकडे घट्ट दाबा आणि जोर लावायला सांगा. तेवढ्याने भागलं नाही तर ओणवं करा. ढुंगण किंवा पाय आधी आले तर ओढू नका, फोनवरचा माणूस सांगेल तसं करा. बाळाआधी नाळ बाहेर आली, तर बाईला गुडघ्यांवर बसवून छाती जमिनीला टेकवा, ढुंगण उंच ठेवा आणि नाळेला हात लावू नका. इथे प्रत्येक मिनिट मोलाचं आहे.

बाळ

लगेच कोरडं करा. डोकं, पाठ, हात-पाय टॉवेलने जरा जोराने पुसा. पुसण्यानेच बहुतेक बाळं रडतात. ओलं कापड टाकून द्या, बाळ आईच्या उघड्या छातीवर ठेवा, टोपी घाला आणि दोघांवर पांघरूण घाला. पांढरा चिकट थर पुसू नका. पहिले २४ तास आंघोळ नाही.

रडलं नाही तर आधी तोंड, मग नाक पुसा, पाठ चोळा. उलटं टांगणं, चापट्या मारणं, कांदा हुंगवणं, वार गरम करत बसणं यात हातातली वेळ जाते. मिनिटभरात श्वास सुरू झाला नाही, तर बाळाला सपाट जागी ठेवा, मान सरळ ठेवा, ना वाकवलेली ना मागे टाकलेली. तुमचं तोंड त्याच्या नाक-तोंडावर बसवून फक्त गालातली हवा हळू सोडा, मिनिटाला चाळीसच्या बेताने. छाती वर उचलली गेली पाहिजे.

नाळ कापायची घाई नको. गाडी येणार असेल तर ती तशीच राहू द्या. पुराने वाट अडली आणि काही तास कुणी पोहोचणारच नसेल, तरच नाळेतले ठोके थांबल्यावर बाळाच्या पोटापासून दोन बोटांवर आणि पुढे आणखी दोन बोटांवर उकळलेल्या दोऱ्याने घट्ट गाठी मारून मध्ये नव्या पात्याने कापा. वर हळद, राख, शेण, तेल काहीही लावू नका. धनुर्वाताचे जंतू तिथूनच शिरतात.

वार आणि रक्त

बाळ रडलं की घरातले सगळे बाळाकडे वळतात. आईला खरा धोका त्यानंतरच्या दोन तासांत असतो, म्हणून एका माणसाने तिच्यावरून नजर हटवायची नाही. बाळाला पहिल्या तासातच अंगावर घ्यायला सांगा. बाळाने दूध ओढलं की गर्भपिशवी आवळते आणि वार सुटायला मदत होते. आधी थोडं रक्त येतं, नाळ लांबते, मग वार पडते. साधारण अर्ध्या तासात. नाळ कधीही ओढू नका. वारेचा तुकडा आत राहिला किंवा गर्भपिशवी उलटी झाली तर बाई हातची जाते. पडलेली वार पिशवीत घालून बाळाच्या उंचीला ठेवा आणि दवाखान्यात न्या; ती पूर्ण आहे का हे डॉक्टरांना बघायचं असतं.

वार पडल्यावर बेंबीखाली हात ठेवा. गर्भपिशवी हाताला घट्ट गोळ्यासारखी लागली पाहिजे. मऊ लागली तर घट्ट होईपर्यंत गोलाकार चोळा आणि बाईला लघवी करायला सांगा, कारण भरलेली लघवीची पिशवी गर्भपिशवीला आवळू देत नाही. पाच मिनिटांत पॅड चिंब झालं, घोट्यापर्यंत ओघळ आला, बाई फिकी पडली, घाम सुटला, बरळायला लागली, किंवा अर्ध्या तासात वार पडली नाही, तर १०८ ला पुन्हा फोन करा. पाय उंच करा, अंगावर पांघरूण घाला, चोळणं थांबवू नका. दुसऱ्या खेपेला बाळ दूध ओढताना आईच्या पोटात जास्त दुखतं. रक्त बेताचं असेल तर त्याला भिऊ नका.

सगळं नीट झालं तरी दोघांना त्याच दिवशी दवाखान्यात न्या. फाटलं असेल तर टाके पडतात, बाळाला के जीवनसत्त्वाचं इंजेक्शन आणि २४ तासांच्या आत कावीळ-बी ची लस मिळते. आईचा रक्तगट निगेटिव्ह आणि बाळाचा पॉझिटिव्ह असेल तर आईला ७२ तासांत अँटी-डी इंजेक्शन लागतं. मधल्या वेळात बाळाला मध, घुटी, साखरपाणी काही देऊ नका. पिवळसर चीकच द्या. घरी झालेल्या जन्माची नोंद घरच्यांनीच करायची असते, २१ दिवसांच्या आत. गावात ग्रामपंचायतीत, शहरात महापालिकेत.