ओळखीच्या घासाला धक्का न लावता

पोहे मऊ असतात, आणि मध्येच दाताखाली शेंगदाणा येतो. बहुतेकांना त्यातच मजा वाटते. पण अनेक ऑटिस्टिक (स्वमग्न) मुलांना आणि मोठ्या माणसांना तो शेंगदाणा भातात खडा लागावा तसा लागतो. उपम्यातली मोहरी, आमटीतलं कढीपत्त्याचं पान, सांज्यातला बेदाणा, सगळ्यांची तीच तऱ्हा. ग्लुकोज बिस्किटाचं तसं नाही. पुड्यातलं पहिलं आणि शेवटचं बिस्कीट चवीला, आवाजाला, रंगाला सारखंच. द्राक्षाच्या एकाच घडात एक गोड, दुसरं आंबट, तिसरं पिळपिळीत निघतं. बिस्किटाकडचा ओढा हा निव्वळ हट्ट नसतो. तोंडात काय येणार आहे हे आधी कळण्याची ती खात्री असते, आणि नवा पदार्थ खायचा तर तीच खात्री लागते.

म्हणून जे चालतंय ते बंद करून सुरुवात करू नका. ‘दोन दिवस उपाशी ठेवा, सुतासारखा सरळ येईल’ हा सल्ला इथे घातक ठरू शकतो. अनेक ऑटिस्टिक व्यक्तींना भुकेची जाणीवच पुसट असते. पोट रिकामं आहे हे कळतच नाही, किंवा ते चिडचिड आणि डोकेदुखी होऊन बाहेर येतं. अशा वेळी वजन घटतं, भाजी काही पोटात जात नाही.

आधी सात दिवस वही ठेवा. नुसतं ‘पोळी खाल्ली’ असं लिहू नका. गरम की गार, पापुद्रे सुटलेली की मऊ, गुंडाळी की तुकडे, कुठल्या ताटात, कोणी दिली, घरात त्या वेळी कसले आवाज होते, हे सगळं लिहा. आठवड्याच्या शेवटी बहुधा एक धागा दिसतो: चालणारे सगळे पदार्थ कोरडे आणि कुरकुरीत आहेत, किंवा सगळे पांढरे आहेत, किंवा दाताने तोडावंच लागत नाही असे आहेत. पुढची पावलं या धाग्यावरून ठरतात.

पदार्थाला हात लावण्याआधी भोवतालचं बघा. निम्मी अडचण तिथेच असू शकते. जेवणाच्या वेळी मिक्सर, कुकरची शिट्टी आणि टीव्ही नको. फोडणी आणि मासे तळणं अर्धा तास आधी उरकून खिडक्या उघडा. खुर्चीवर पाय लोंबकळत असतील तर पायांखाली पाट ठेवा, कारण तोल सावरण्यात लक्ष गेलं की चावण्याकडे राहत नाही. जमिनीवर बसत असेल तर पाठीला भिंत द्या. कोशिंबिरीचं पाणी भातात वाहू नये म्हणून खणांचं ताट घ्या. स्टीलचा चमचा काहींना थंडगार आणि धातूच्या चवीचा लागतो, त्यांना लाकडी चमचा द्या. हात चिकट होणं सोसत नसेल तर ओला नॅपकीन शेजारीच असू द्या. दोन खाण्यांत अडीच-तीन तासांचं अंतर ठेवा. मध्ये फक्त पाणी. दुधावर लक्ष ठेवा. लहान मूल दिवसाला अर्ध्या लिटरहून जास्त दूध पीत असेल तर जेवणाला जागाच उरत नाही, आणि दुधात लोह अगदी नगण्य असतं.

आता साखळी. चालणाऱ्या पदार्थापासून निघायचं आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायची: आकार, रंग, चव किंवा पोत. पांढरा तूप-मीठ-भात चालतो असं धरू. एक वाटी तांदळात एक टेबलस्पून धुतलेली मूगडाळ घालून शिजवा, हळद न घालता. रंग जेमतेम मलईसारखा होतो. शेजारी नेहमीचा भात असतोच; नवा भात वेगळ्या खणात, एक चमचाभर. आठवडाभर टिकला तर डाळ दोन टेबलस्पून करा, पुढे पाव वाटीपर्यंत न्या. हळद त्यानंतर, चिमटीच्याही निम्मी. फोडणी सर्वांत शेवटी, आणि तीही गाळून, म्हणजे मोहरी-जिरं वर आणि फक्त वासाचं तूप भातात. इथे हमखास होणारी चूक म्हणजे डाळ वाढवताना पाणीही वाढवणं. भात गिच्च होतो, म्हणजे रंग आणि पोत दोन्ही बदलले. मग नकार कशाला आला हे कळायला मार्ग नाही.

बटाट्याचे वेफर्स चालत असतील तर आधी दुसऱ्या ब्रँडचे साधे खारे द्या. मग घरी तव्यावर कुरकुरीत केलेले पातळ काप, मग तेच थोडे जाड, मग रव्यात घोळवलेले, मग त्याच जाडीचे रताळ्याचे. सुरण पुढे बघू, त्याच्या खाजेची भीती घरातल्या मोठ्यांनाही असते. बिस्किटाचा ब्रँड एकच असेल तर कंपनीने पाकीट किंवा चव बदलण्याआधीच दुसरा एखादा जोडीला आणून ठेवा. एका बदललेल्या पाकिटामुळे आधार असलेला पदार्थ कायमचा सुटतो, असं घडतं.

साखळीत न बसणारा नवा पदार्थ मात्र पायऱ्यांनी:

१. तो टेबलावर असतो, ताटात नाही.
२. शेजारच्या वाटीत वाटाण्याएवढा तुकडा.
३. चमच्याने ढकलणं, मग बोटाने शिवणं.
४. वास घेणं, ओठाला लावणं.
५. जीभ लावणं.
६. चावून थुंकणं. यासाठी रिकामी वाटी आधीच ठेवलेली हवी.
७. गिळणं.

एका पायरीवर दोन दिवस लागतील किंवा दोन महिने. थुंकण्याची मुभा ही सर्वांत महत्त्वाची सोय आहे. एकदा तोंडात गेलं की सुटका नाही, असं वाटलं तर तोंडच उघडत नाही. चव ओळखीची व्हायला दहा-पंधरा वेळा भेट लागणं साधारण मुलांतही नेहमीचं आहे, इथे त्याहून जास्त धरा. आज चौथ्या पायरीवरचं मूल तापातून उठल्यावर पहिल्या पायरीवर येतं. मुकाट्याने तिथून पुन्हा सुरू करा.

चुकांत सर्वांत महाग पडते ती लपवाछपवी. भाताच्या मुटक्यात गुपचूप पालक किंवा औषध घातलं आणि ते कळलं, तर भातही जातो. मिसळायचंच असेल तर सांगून, दाखवून मिसळा. दुसरी चूक, ‘भाजी खा, मग मोबाईल’. यातून भाजी ही शिक्षा आणि मोबाईल हे बक्षीस, एवढंच पक्कं होतं. टाळ्या वाजवून कौतुकही नको. सगळं घर आपल्या तोंडाकडे बघतंय, हे अनेकांना सोसत नाही.

नकार अचानक वाढला तर आधी शरीर तपासा. बद्धकोष्ठ असेल तर भूक मरते. किडलेला दात किंवा छातीतली जळजळ बोलता न येणारं मूल ताट ढकलूनच सांगतं. वजन घटत किंवा अडलेलं असेल, गिळताना खोकला-ठसका लागत असेल, पदार्थांची संख्या दहाच्या खाली येत असेल, तर बालरोगतज्ज्ञांकडे जा. हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), बी-१२ आणि डी जीवनसत्त्वाच्या तपासण्यांबद्दल विचारा. फळं-भाज्या पूर्ण बंद असतील आणि पाय दुखून मूल लंगडत असेल, हिरड्यांतून रक्त येत असेल, तर क जीवनसत्त्वाची कमतरता, म्हणजे स्कर्व्ही, असू शकते. ऑटिस्टिक मुलांत तिच्या नोंदी आहेत. खाणं इतकं आक्रसण्याला ‘आरफिड’ असं वैद्यकीय नाव २०१३ मध्ये मिळालं. त्यावर ऑक्युपेशनल थेरपिस्ट (रोजच्या कामांचा सराव करून घेणारे), गिळण्यातलं जाणणारे स्पीच थेरपिस्ट आणि आहारतज्ज्ञ मिळून काम करतात. गहू-दूध बंद करण्याने ऑटिझम सुधारतो याला भक्कम पुरावा नाही. ज्याच्या यादीत मुळात पोळी, दूध आणि भात एवढंच आहे, त्याचं दोन-तृतीयांश जेवण यात जातं.

स्वतःचं स्वतः रांधणाऱ्या मोठ्यांनी रोज तोच डबा नेण्यात काही बिघडत नाही, पोषण पुरत असलं की झालं. भूक कळत नसेल तर फोनवर जेवणाचा गजर लावा. फार दमल्या दिवसासाठी चिरणं-फोडणी न लागणारे दोन पदार्थ घरात ठेवा: भाजलेले चणे, दूध-राजगिरा, जे चालत असेल ते.

लग्नकार्याला जाताना घरून जेवून निघा आणि ओळखीचा डबा सोबत घ्या. यजमानांना आदल्या दिवशीच फोन करून सांगा, ‘ती आमच्यासोबत पंगतीला बसेल, पण डबा खाईल, वाढताना आग्रह करू नका.’ पंगतीत कडेची जागा धरा, म्हणजे वाढपी एकाच बाजूने येतो आणि लागलं तर उठून जाता येतं.