मालवाहतुकीचा ट्रेंड काढायचाय? आधी टन की टन-किलोमीटर ते ठरवा

रेल्वेचा मालवाहतुकीतला वाटा घसरला असं सगळीकडे वाचायला मिळतं आणि ते खरंच आहे, 1950-51 ला 80 टक्क्यांच्या वर होता, आता 30 च्याही खाली. पण त्याच काळात रेल्वेचं वर्षाचं लोडिंग 7 कोटी टनांवरून 2023-24 ला जवळपास 159 कोटी टनांवर गेलंय, म्हणजे रेल्वे आटली नाहीये, ट्रक तिच्यापेक्षा कितीतरी जोरात वाढलेत. म्हणून एक्सेलमध्ये चार्ट दोन काढा, एक टक्क्यांचा, एक प्रत्यक्ष मालाचा. नुसता टक्क्यांचा टाकून मोकळं होणं मला तरी पटत नाही.

आता एकक. समजा 100 टन सिमेंट रेकने, म्हणजे मालगाडीने, 800 किमी गेलं आणि 100 टन वाळू डंपरने 20 किमी. टनात मोजलं तर निम्मं-निम्मं, टन-किलोमीटरमध्ये (टन गुणिले अंतर) 80,000 आणि 2,000, म्हणजे रेल्वे थेट 97 टक्क्यांच्या पुढे! दोन्ही बरोबरच, फक्त एका चार्टमध्ये दोन्ही मिसळू नका, आणि वर्षंही एप्रिल-मार्च धरलीत की जानेवारी-डिसेंबर ते एकदा बघून घ्या.

रेल्वेचा आकडा पक्का असतो कारण प्रत्येक रेकची पावती फाटते. रस्त्याचा मात्र अंदाजच, कारण दोन-चार गाड्यावाले मालक देशभर पसरलेत. एप्रिल 2018 पासून ई-वे बिल (माल नेताना लागणारं ऑनलाइन बिल) आलं खरं पण ते साधारण 50 हजार रुपयांच्या वरच्या मालाला, त्यातून भाजीपाला सुटतो, आणि बिलं मोजून टन कळत नाहीत. तेव्हा रस्त्याची रेघ तुटक काढा, बघणाऱ्याला कळू दे की हा अंदाज आहे.

रेल्वेच्या आकड्यातून कोळसा वेगळा काढून पण एकदा बघाच, निम्म्याच्या आसपास माल तोच असतो, त्यामुळे वीजकेंद्रांची मागणी हलली की अख्खी रेघ हलते.

जलवाहतुकीत अचानक खड्डा दिसला तर नदीला दोष द्यायच्या आधी माल कुठला होता ते शोधा. गोव्यात मांडवी-जुवारीतून बार्जने लोहखनिज जायचं, 2012 ला खाणी बंद झाल्या आणि बार्ज उभ्या राहिल्या, मार्च 2018 ला पुन्हा तेच. अशा वर्षांवर चार्टमध्येच टीप लिहा.

आणि कोकण रेल्वेची रोरो, 1999 ला कोलाड-वेर्णा सुरू झाली ती, तिच्यात भरलेला ट्रकच वाघिणीवर चढतो. तेवढं अंतर फक्त रेल्वेत धरा, ट्रकच्या खात्यातून वजा करा, नाहीतर तोच माल दोनदा मोजला जातो.