वर्गाला वळण लावायचं ते पहिल्या पंधरवड्यात

नव्या शिक्षकाला दोन सल्ले हमखास मिळतात. एक, पहिला महिनाभर दात दाखवायचे नाहीत. दोन, नियम मुलांकडूनच करून घ्यायचे. पहिला मी एक वर्ष पाळून पाहिला. महिनाभर वर्ग चिडीचूप होता, आणि ज्या दिवशी हसले त्या दिवशी हातातून सुटला. मुलांना शिस्त लागलीच नव्हती, माझा चेहरा वाचायची सवय तेवढी लागली होती. दुसऱ्याचं म्हणाल, तर मुलांच्या हाती यादी दिली की ती फौजदार होतात: बोलेल त्याला दिवसभर उभं करा, उशिरा येईल त्याला आत घेऊ नका. मुलांचं म्हणणं जरूर ऐका. यादी तुमचीच असू द्या.

१. नियम तीन, फार तर चार. ‘आदराने वागा’ हा नियम नव्हे, ती इच्छा झाली. ‘एक जण बोलतो, बाकीचे ऐकतात’ हा नियम. दारातून डोकावणाऱ्या परक्या माणसालाही तो पाळला जातोय की नाही हे कळलं पाहिजे. शेवटच्या बाकावरून वाचता येईल एवढ्या मोठ्या अक्षरात लिहून लावा.

२. कामाच्या रीती ठरवा. वर्गात शिरल्यावर आधी काय करायचं, वह्या कुठून कशा गोळा होणार, बाहेर जायचं तर कसं विचारायचं. आणि काम लवकर संपलं तर पुढे काय? हे शेवटचं बहुतेक जण विसरतात. रिकामे हात असलेलं मूल शेजाऱ्याचंही काम थांबवतं.

३. त्या रीती शिकवा. सांगून भागत नाही, करून घ्याव्या लागतात. कॅरोलिन एव्हर्टसन आणि एडमंड एमर या अमेरिकन संशोधकांनी 1980 च्या सुमारास तिसरीच्या वर्गांत वर्षाची सुरुवात कशी होते ते बसून पाहिलं. ज्यांचे वर्ग पुढे सुरळीत चालले, ते शिक्षक पहिले काही आठवडे नियम आणि रीती धड्यासारख्या शिकवत होते. वह्या गोळा करताना गोंधळ झाला तर न चिडता वह्या परत वाटा आणि पुन्हा गोळा करायला लावा. मोठ्या वर्गांना हे पोरकट वाटतं. त्यांना कारण सांगा आणि एकदाच करून घ्या.

४. शांततेची एक खूण ठरवा. ठरावीक जागी उभं राहून हात वर करणं पुरतं. मग थांबा. गोंगाटावरून बोलायचं नाही, ‘शू शू’ तर मुळीच नाही. तोही गोंगाटच.

५. पहिला नियमभंग. माझी खरी दमछाक झाली ती इथे.

नोकरीचं तिसरं वर्ष. नियम सांगून झाले होते, सराव झाला होता. चौथ्या दिवशी वर्गातली सगळ्यात हुशार मुलगी हात वर न करताच उत्तर बोलून गेली. उत्तर बरोबर होतं. मी म्हटलं, ‘शाब्बास!’ दहा मिनिटांनी मागच्या बाकावरचा एक मुलगा तसाच मध्ये बोलला आणि मी त्याला झापलं. तो काही बोलला नाही. नुसता त्या मुलीकडे पाहून खाली बघत राहिला. ते सगळ्यांनी पाहिलं. दुपारपर्यंत भिंतीवरचा नियम कागद होऊन बसला होता, आणि पुढचं सबंध वर्ष मी ‘बाई, तिला चालतं मग मला का नाही?’ याला उत्तरं देत होते.

आपण टपून बसतो द्वाड पोरांवर. पहिला नियम पुष्कळदा गुणी मुलाकडून मोडला जातो, तोही उत्साहाच्या भरात, म्हणून आपल्या लक्षातच येत नाही. बरोबर उत्तर आलं तरी घेऊ नका. स्वतःचा हात किंचित वर करून दाखवा, दुसऱ्याला विचारा, आणि दोन मिनिटांत त्या मुलीचा हात वर दिसला की आवर्जून तिलाच संधी द्या. जड जातं. तरीही करा.

सूर शुद्धलेखनाची चूक दाखवताना असतो तसाच ठेवा. मूल लांब असेल तर बोलतबोलत जवळ जा, हळू आवाजात नाव घ्या, काय करायचं ते सांगा आणि तिथून निघा. उत्तराची वाट बघत समोर उभ्या राहिलात की प्रेक्षक जमतात, आणि प्रेक्षकांपुढे कोणतंही मूल माघार घेत नाही. जेकब कूनिन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी वर्गांची चित्रफीत अभ्यासून 1970 मध्ये मांडलं होतं की गैरवर्तन झाल्यावर शिक्षक काय करतात त्यात चांगल्या आणि विस्कटलेल्या वर्गांचा फारसा फरक दिसत नाही. फरक असतो तो आधीच्या सावधपणात आणि तास न अडखळता पुढे नेण्यात. म्हणून टोकणं जेवढं छोटं तेवढं बरं.

पुढच्या पायऱ्या आधीच ठरवा: खूण, जवळ जाऊन सांगणं, तासानंतर दोन मिनिटं बोलणं, मग घरी फोन. ‘पुन्हा बोललास तर वर्षभर खेळाचा तास बंद’ असलं काही बोलू नका. ते होणार नाही हे त्यालाही ठाऊक असतं. सगळ्या वर्गाला शिक्षा तर कधीच नको, गप्प बसलेल्यांना गप्प बसून काय मिळालं?

६. पहिल्याच आठवड्यात ज्याच्याबद्दल धास्ती वाटते त्या मुलाच्या घरी एक चांगली गोष्ट कळवा. तक्रारीचा फोन करायची वेळ आली तर तो तिकडे ऐकला जातो.

मोठ्या सुट्टीनंतर एक दिवस तिसऱ्या मुद्द्यातला रीतींचा सराव पुन्हा. वर्षात मध्येच नवं मूल आलं, तर त्याला वर्गाच्या रीती समजावण्याचं काम मी मागच्या बाकावरच्या कुणालातरी देते.